दोन हात ऊन

काल दुपारी भाजी घेऊन आले, लिफ्टचं दार उघडलं आणि आतून रातांब्यांचा वास आला. आंबटगोड, आणि त्याच्यामागे ओल्या गोणपाटाचा. लिफ्टच्या फरशीवर लाल रसाचे तीन-चार थेंब पडले होते. एरवी असे डाग दिसले की मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकते. तीस वर्षं शाळेत काढल्यावर शिस्तीचा किडा इतक्यात मरत नाही. पण काल मी चौथ्या मजल्याऐवजी सातचं बटण दाबलं आणि तो वास छातीभर घेत उगाचच वरपर्यंत जाऊन खाली आले. परबकाकूंची गोणी गावाहून आली होती. म्हणजे वाळवणाचे दिवस सुरू झाले.

चारकोपच्या आमच्या सात मजली इमारतीला गच्ची आहे हे वर्षातले दहा महिने कुणाच्या लक्षात नसतं. एप्रिल सरता सरता मात्र तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांच्या चार कोपऱ्यांवर विटांचे तुकडे येतात. साबुदाण्याच्या पापड्या प्लॅस्टिकवर चिकटून बसतात आणि संध्याकाळी कडकड आवाज करत सुटतात. कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास टाकीपर्यंत पोचतो. कबुतरांना घाबरवायला कुणीतरी जुन्या सीड्या दोरीला बांधतं, आणि कबुतरं त्या दोरीवरच येऊन बसतात. खाडीकडून वारा सुटला की सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अगं, साडी धर!’ असं निघतं.

दक्षिणेकडचा कोपरा परबकाकूंचा. तसा कुठे लेखी नियम नाही, पण इमारत झाल्यापासून आहे. काकू सातव्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याला लागून राहतात. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काडी, आवाजाने घंटा. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन घाटकोपरला. काकू एकट्या राहतात असं म्हणायचं, पण त्यांच्याकडे आमसुलं मागायला येणाऱ्यांची रांग पाहिली की एकटं कोण आहे असा प्रश्न पडतो. रातांब्यांची सालं काढायची, रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे एकेका गोणीला सात दिवस. त्या सात दिवसांत काकूंचे हात मनगटापर्यंत लाल असतात आणि त्या कुणाशीही हात जोडून नमस्कार करत नाहीत, लांबूनच मान हलवतात.

पापडाच्या लाट्या, कोकमाचा वास आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका दिसल्या की मला दरवर्षी तीन वर्षांपूर्वीचा मे आठवतो आणि एकटीच असले तरी हसू येतं. त्या मे महिन्यात मी सूर्याची हजेरी घेत होते.

झालं असं की सोसायटीने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे सूर्यावर चालवायचे. आमचे चेअरमन तावडे उत्साही माणूस आहे. कुठलीही गोष्ट ठरली की ती कालच व्हायला हवी होती असं त्यांना वाटतं. सभेत त्यांनी विचारलं, “गच्चीवर ऊन कुठे किती येतं याचा सर्व्हे करायला पाहिजे. कोण करणार?” आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, “कोण म्हणजे काय, बाई करणार! भूगोलवाल्या आपल्या घरात असताना बाहेर कशाला जायचं? बाई, ही केस तुमची.”

मी निवृत्त होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इमारतीत सगळे मला बाईच म्हणतात, माझा नवरा सुधीरसुद्धा चारचौघांत बाईच म्हणतो. पण वर्गाशिवाय बाई म्हणजे पाटीशिवाय खडू. मला काम मिळाल्याचा इतका आनंद झाला की मी तो लपवायला कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, “बघते जमतंय का.”

सोलर बसवणारे दोशी म्हणून होते, जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा. शांत, पान खाणारा माणूस. ते पहिल्या दिवशी गच्ची बघायला आले तेव्हा टाकीच्या कठड्यावर बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. दिवसाला किती वीज लागते ते बिलांवरून कळतं. त्याला उन्हाच्या तासांनी भागायचं, धूळ-बिळ, तारा, तापलेले पॅनल यांत थोडी वीज वाया जाते ती धरायची, की किती पॅनल बसवायचे ते येतं.

“बारा तास ऊन असतं की,” मी म्हणाले.

“बारा तास दिवस असतो बाई, ऊन नाय,” दोशी म्हणाले. “सकाळचा ऊन पातळ, संध्याकाळचा पातळ. ते सगळा गोळा करून आटवायचा. दूध आटवून खवा करतात ना, तसा. बारा तासांचा आटवला तर कडक ऊन निघणार चार, पाच तासांचा. तो आकडा खरा. तो चुकला का सगळा चुकला.”

मला ते फार आवडलं. तीस वर्षं मी फळ्यावर ‘सूर्यप्रकाश’ असा एकच सरकारी शब्द लिहीत आले, आणि घरी मात्र कोवळ्या उन्हात तान्ह्या लेकीला न्हाऊ घालून घेऊन बसले, टळटळीत उन्हात शाळेतून परतले, तिरप्या उन्हात पडदे ओढले, उतरत्या उन्हात चहा टाकला. एवढे सगळे शब्द तोंडात असून मला त्यांचं मोजमाप करावं असं कधी सुचलं नव्हतं.

दोशींनी जाताना फोन पुढे केला. “बाई, अ‍ॅप हाय. जागा टाकली का वर्षभराचा सूरज दाखवतो, सावलीसकट. डाउनलोड करून देऊ?”

“अ‍ॅप कशाला?” मी म्हणाले. “सूर्य काय फोनमधून उगवतो?”

दोशींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, “तुमची मर्जी. पण बघाल ते वर्षाचा बघा.” माझ्या कानांनी ते ऐकलं, हे मला आजही पक्कं आठवतं. डोक्याने ऐकलं नाही.

शाळेतून निघताना मी एक कोरा हजेरीपट आणला होता. का आणला ते विचारू नका, बायका माहेराहून तांब्या आणतात तसा आणला. तो आता कामी आला. गच्चीचे मी खडूने सोळा चौकोन केले आणि मुलांच्या नावांच्या जागी चौकोनांचे नंबर लिहिले. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला छत्री घेऊन वर जायचं आणि ज्या चौकोनात ऊन असेल त्याच्यापुढे ‘ह’, सावली असेल तर ‘गै’ लिहायचं. ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर. पहिल्या दिवशी सूर्य नॅशनल पार्कच्या डोंगरांमागून वर आला आणि मी चार नंबरच्या चौकोनापुढे पहिला ‘ह’ काढला, तेव्हा मला चक्क ‘उपस्थित बाई’ असं ऐकू आल्यासारखं वाटलं.

परबकाकू तेव्हा त्यांच्या कोपऱ्यात सालं पसरत बसलेल्या. माझ्या चौथ्या की पाचव्या फेरीला त्यांनी लाल हात हवेत धरूनच विचारलं, “काय वो बाईनूं, सूर्याची हजेरी घेतास?”

“हो काकू. कुठे किती तास ऊन आहे ते बघतेय.”

“माका इचारा मां.”

“तुम्हाला तास सांगता येतील?”

“तास नाय. पण सुकता ता वत, बाकीचो सगळो उजवाड.”

वत म्हणजे ऊन, त्यांच्या मालवणीत. जे वाळवतं ते ऊन, बाकीचा नुसता उजेड. दोशींचा खवा काकूंनी अर्ध्या वाक्यात करून ठेवला होता. मी हसले, वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य गंमत म्हणून टिपून घेतलं आणि पुन्हा माझ्या चौकोनांकडे वळले.

ते पंधरा दिवस फार मजेत गेले. माझे हात कोपरापर्यंत काळे पडले. सुधीर म्हणायचा, “सोलर पॅनल नको, तुलाच वायर जोडू.” गच्चीवरच्या बायका मला पापडाची लाटी, कच्ची कुरडई, चिकाची वाटी असं काहीबाही खायला घालायच्या आणि त्यांच्या साडीवर टाकीची सावली कधी येणार ते विचारायच्या. मी हजेरीपट बघून सांगायची आणि सावली बरोबर त्या वेळेला यायची. एका दुपारी बारानंतर तर कठड्याचीसुद्धा सावली दिसेना. सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. माझी स्वतःची सावली पायांखाली दडली होती. शाळेत दरवर्षी याच सुमाराला सुट्टीतल्या मुलांना बोलावून मी मैदानात काठी रोवायची आणि ती काठी सावली गिळते ते दाखवायची. त्या दिवशी मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

निकाल अगदी स्वच्छ लागला. उत्तरेकडच्या अर्ध्या गच्चीला पश्चिमेला टाकी आणि जिन्याची खोली आहे, त्यामुळे तिथे दुपारी चारनंतर सगळे ‘गै’. दक्षिणेकडच्या अर्ध्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही गैरहजेरी नाही. शंभर टक्के उपस्थिती! पॅनल दक्षिणेला बसवावेत, असं मी लाल शाईने लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. दक्षिणेला म्हणजे परबकाकूंच्या कोपऱ्यावर. ते माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण लिफ्ट सगळ्यांची आणि आमसुलं एकीची, अशी मी मनाशी समजूत घातली.

रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा झाली. मी हजेरीपट उंच धरून दाखवला. तावडे म्हणाले, “झकास! याला म्हणतात सर्व्हे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून काकू उठल्या.

“थंय नको,” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत वत नाय. टॉवराची सावळी येता. माझे आवळे बुरसले दोन वर्सां आधी.”

दक्षिणेकडच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट होऊन तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला होता, त्याबद्दल त्या बोलत होत्या. दोन-तीन जण हसले. तावडे समजुतीच्या सुरात म्हणाले, “काकू, तुमची जागा जातेय, वाईट वाटणारच. आम्ही तुम्हाला दुसरीकडे जागा करून देऊ ना. पण त्यासाठी सावली कुठून काढताय?”

“सावळी मी काढूक नाय. ती आसा.”

आणि मग मी बोलले. आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. मी म्हणाले, “काकू, मी पंधरा दिवस उन्हात उभी राहून एकेक तास मोजलाय. टॉवरची सावली आपल्या गच्चीला शिवतसुद्धा नाही. आणि तीस वर्षं मी भूगोल शिकवलाय.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं. “माका भूगोल येणा नाय, बाईनूं,” त्या म्हणाल्या. “माका आवळे येतत. मे म्हयन्यात खंयव सुकतला. तुम्ही मार्गशीर्षात येवा.” आणि त्या खुर्ची उचलून भिंतीला लावून लिफ्टकडे निघून गेल्या. सभेने दक्षिणेचा कोपरा मंजूर केला.

घरी आले, सुधीरने चहा केला. कप हातात धरून मी खिडकीशी बसले आणि ‘मार्गशीर्षात येवा’ हे शब्द जाईनात. मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर. डिसेंबर म्हणजे सूर्य दक्षिणेला. आणि दक्षिणेला टॉवर. चहा तोंडात तसाच राहिला. नववीच्या वर्गात दर वर्षी, एकही वर्ष न चुकता, मी तिरप्या रेघा काढून शिकवलं होतं की उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे कलतो. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. आणि ज्या दिवसांत सावली पायाखाली दडते, नेमके तेच दिवस निवडून मी सावली मोजायला गेले होते!

“सुधीर, पडदे ओढ,” मी म्हणाले. “आणि टॉर्च आण.”

पोळपाट म्हणजे आमची गच्ची. तो चहाच्या डब्यावर ठेवला, म्हणजे सात मजले. त्याच्या दक्षिणेला तूरडाळीचा उंच डबा, त्यावर साखरेचा, त्यावर वेलदोड्याची डबी, म्हणजे टॉवर. सुधीर सूर्य झाला. त्याला मी बरोबर डोक्यावर उभं केलं तेव्हा पोळपाट लख्ख उजळला, कुठे सावलीचा ठिपका नाही. “हा मे,” मी म्हणाले. मग त्याचा हात धरून दक्षिणेला, टेबलाच्या कडेकडे, हळूहळू खाली आणला. तूरडाळीची सावली पुढे सरकली, पोळपाटाच्या काठावर चढली, आणि अर्धा पोळपाट काळा झाला.

“हा डिसेंबर,” सुधीर म्हणाला. मग म्हणाला, “बाई, सूर्याचा हात दुखतोय. सोडू का?”

मला दोशींनी सांगितलेलं आठवलं, की ओळीतल्या एका पॅनलवर सावली पडली तर सगळी ओळ लंगडते. माझ्या लाल शाईने अख्खी गच्ची तीन महिने लंगडणार होती. आणि ते एवढ्या माणसांत एका बाईला दिसलं होतं, जिला मी भूगोल सुनावला. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी त्या वेलदोड्याच्या डबीकडे बघून हसू यायला लागलं. सुधीरने टॉर्च बंद केली आणि म्हणाला, “जा. आत्ताच जा, उद्यावर टाकलंस तर जाणार नाहीस.” सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने मला दिलेला तो सगळ्यात चांगला सल्ला होता.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. मी दारातच म्हणाले, “काकू, माझं चुकलं. सावली येते. सभेत सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं.”

त्यांनी गॅस बारीक केला. “आसांदे,” त्या म्हणाल्या. “पोरां चुकतत, एक दिवस बाई चुकली तर काय झाला? बसा, कढी घेवा.”

ती सोलकढी मी घोट घोट प्यायले आणि काकूंनी मला त्यांचं वर्ष सांगितलं. वैशाखात आमसुलं, कुठेही वाळतात. पावसात काहीच नाही, नुसता उजवाड. भाद्रपद-आश्विनात ऊन चटका देतं पण ढगांचा भरवसा नाही, तेव्हा फक्त गाद्या आणि लोकरीचे कपडे. मार्गशीर्ष-पौषात आवळासुपारी. टॉवर झाला त्या पहिल्या हिवाळ्यात कोपऱ्यातले सगळे आवळे काळे पडले. दुसऱ्या हिवाळ्यात त्या ताट घेऊन सावलीच्या पुढे पुढे सरकत राहिल्या, रोज थोड्या उत्तरेकडे, आणि सावली जिथे थांबली तिथे थांबल्या. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात दोशींचं अ‍ॅप, माझा हजेरीपट आणि ही बाई यांना एका बाकावर बसवत होते.

पुढच्या रविवारी मी सभेत उभी राहिले आणि माझ्याच सर्व्हेवर फुली मारली. सोपं नव्हतं. पोळपाट आणि डबे मी बरोबर घेऊन गेले होते, त्यामुळे निदान करमणूक झाली. तावडे डोक्याला हात लावून म्हणाले, “आईशप्पथ! बाई, आपली तर वाटच लागली असती.” मग ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, “काकू, सॉरी हां. जागेसाठी बोलताय असं वाटलं आम्हाला.” काकूंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर जमलो. दोशी, तावडे, मी आणि काकू. मी काकूंच्या हातात खडू दिला. “तुम्ही सांगाल तिथे रेघ,” मी म्हणाले. “सगळ्यात थंडीत सावली जिथपर्यंत येते तिथे. त्याच्या पलीकडे पॅनल.”

काकू गच्चीभर फिरल्या. वाकून फरशीचे सांधे पाहिले, टॉवरकडे पाहिलं, कोपरापासून बोटांपर्यंत हाताने काहीतरी मापलं, आणि एका जागी थांबल्या. “हंयसर मारा,” म्हणाल्या. रेघ त्यांनी मलाच मारायला लावली. दोशींनी फोन काढून अ‍ॅप पाहिलं, टॉवरकडे धरलं, पुन्हा पाहिलं. “अ‍ॅपमधे सावली जरा अगोदर थांबते बाई,” ते म्हणाले. “थोडा आणखी पुढे घेऊ शकतो पॅनल. पण चालेल, मार्जिन असलेला बरा.”

“अ‍ॅप राहू द्या,” मी ठणकावून सांगितलं. “काकूंची रेघ म्हणजे रेघ.” एकदा पोळल्यावर मी आता काकूंच्या बाजूने कुणाशीही दोन हात करायला तयार होते. दोशींनी पान गालात फिरवलं, काकूंकडे एकदा पाहिलं, पावसात पुसू नये म्हणून रेघेवर रंग मारून घेतला आणि कागदावर आकडे मांडले. उत्तरेकडे संध्याकाळचं पातळ ऊन जाणार होतं, पण त्यात खवा तसाही कमीच असतो. हिवाळ्याचं दुपारचं कडक ऊन सगळं हाती येत होतं. लिफ्ट, पंप, दिवे, सगळं भागत होतं.

दक्षिणेचा कोपरा काकूंकडेच राहिला. त्या मे महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मी रोज दुपारी तिथे त्यांच्याशेजारी बसायचे, हजेरीपट न घेता. त्या मला सालं पलटायला शिकवायच्या आणि माझी पलटलेली पुन्हा पलटायच्या. अजूनही तसंच चालू आहे. इतकी वर्षं इतरांच्या वह्या तपासल्या, आता माझं काम कुणीतरी तपासतंय याचं मला भारी सुख वाटतं.

पावसाळा गेला, दसऱ्याच्या सुमारास पॅनल बसले. निळे, गुळगुळीत, रेघेपासून पलीकडे ओळीने उभे. तावड्यांनी लिफ्टला हार घातला. दिवाळी झाली आणि मी एखाद्या परीक्षेची वाट बघावी तशी डिसेंबरची वाट बघायला लागले. वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला, तेव्हा साडेदहालाच हजेरीपट, पेन्सिल आणि डबा घेऊन वर जाऊन बसले.

टॉवरची सावली आली. दक्षिणेच्या कठड्यावरून हळूच उतरली, काकूंच्या उन्हाळ्यातल्या कोपऱ्यावर पसरली, माझ्या सगळ्या लाल शाईवर पसरली, आणि पुढे सरकत राहिली. मी मे महिन्यात शंभर टक्के हजर लिहिलेले चौकोन एकेक करून गैरहजर होत होते. रेघ ओलांडली तर? पण ती थांबली. सगळ्यात पुढे आली तेव्हाही थांबली, आणि पॅनल सगळेच्या सगळे उन्हात झळझळत होते.

मग मला काहीतरी चमत्कारिक दिसलं. सावली रेघेवर थांबली नव्हती. रेघेच्या बरीच अलीकडे थांबली होती. मी उठून मापलं, काकूंसारखं, कोपरापासून बोटांपर्यंत. बरोबर दोन हात. सावलीची कड आणि माझी रेघ यांच्यामध्ये गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हाचा एक पट्टा पसरला होता, दोन हात रुंद, कडक, चटका देणारा.

काकूंचा अंदाज चुकला, असं मला आधी वाटलं. त्या आदला अख्खा हिवाळा ताट सरकवत सावली जिथे थांबते तिथे थांबल्या होत्या, हे नंतर आठवलं. आणि मग आठवलं ते त्यांचं वर्ष. मार्गशीर्ष-पौषात आवळासुपारी. हिवाळ्यात गच्चीवर जे काही ऊन असतं ते उत्तरेला, म्हणजे आता जिथे पॅनल होते तिथे. सभेत आम्ही सगळे म्हणत होतो की काकू स्वतःच्या जागेसाठी बोलतायत. त्या तर आपली हिवाळ्यातली सगळी जागा आमच्या लिफ्टला देऊन टाकत होत्या.

जिन्याचं दार करकरलं. काकू आल्या. दोन्ही हातांवर स्टीलचं मोठं ताट, त्यात आल्यामिठाचे आवळ्याचे तुकडे. माझ्याकडे पाहिलं, लांबूनच मान हलवली, आणि रेघेकडे न बघता सरळ त्या पट्ट्यात जाऊन ताट खाली ठेवलं. ते सावलीला शिवलं नाही आणि पॅनललाही शिवलं नाही. शेजारी आणखी कितीतरी ताटं मावतील एवढी जागा उरली.

“काकू,” मी म्हणाले, “सावली रेघेच्या दोन हात अलीकडेच थांबलीय.”

त्यांनी आवळ्याचा एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“मगे?” त्या म्हणाल्या. “माझे आवळे खंय सुकत घालू?”

मी हजेरीपट उघडला आणि त्या दोन हातांपुढे ‘ह’ लिहिला.